दुधाचा जिल्हा, चवीचा दुष्काळ

पहाटे साडेपाचच्या सुमारास राहुरी, संगमनेर, राहाता वा श्रीरामपूर तालुक्यातील कोणत्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहावे. कोणी मोटारसायकलला कॅन अडकवून येतो, कोणी म्हातारी चरवी घेऊन पायीच येते. दूध मापले जाते, नमुना यंत्राला दिला जातो आणि चिठ्ठी बाहेर पडते : फॅट इतके, एसएनएफ इतके, रुपये इतके. चिठ्ठी खिशात घालून माणूस घरी वळतो, कारण गोठ्यातले शेण काढायचे असते. तासाभरात टँकर येतो व गावाचे सगळे दूध घेऊन निघून जातो. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र कधीच घडत नाही. ते दूध कोणी चाखून पाहत नाही. गाय कोणती, तिने काल डोंगरकडेचे गवत खाल्ले की उसाचे वाढे, याला चिठ्ठीवर रकाना नाही. टाकीत पडले की अवघे दूध एकच, आणि त्याला नावही एकच.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा दूध उत्पादनात राज्यात अग्रभागी आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या सहकाराच्या मुशीतूनच पुढे तालुक्या-तालुक्याचे दूध संघ निघाले. १९७० नंतरची दूध महापूर योजना आली, संकरित गाई आल्या, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर या तिन्हींच्या रक्ताची ‘फुले त्रिवेणी’ ही गाय सिद्ध केली. पाऊस दगा देईल, कांद्याचा भाव कोसळेल, पण दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येईल, या एका भरवशावर हजारो घरांतील मुलांच्या शाळेची फी भरली गेली. शिक्षकमंडळींना हे सांगायला नको. वह्या-पुस्तकांचे पैसे कधी आणणार, या प्रश्नाला “दुधाचा पगार झाला की” हे उत्तर त्यांनी अनेकदा ऐकले असेल.

परंतु या एवढ्या दुधातून जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा एखादा पदार्थ निघाला आहे काय? साताऱ्याचे नाव घेतले की कंदी पेढा आठवतो. आपल्या जामखेडपासून दूर नसलेल्या भूम परिसरात, धाराशिव जिल्ह्यात, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथल्या भट्ट्यांनी कोरडवाहू मुलखाला एक नाव मिळवून दिले. आणि नगर? शिर्डीच्या दुकानांतून पेढ्यांच्या राशी दिसतात, पण त्यांतला खवा कोणत्या गावचा, असे विचारण्याची रीत नाही. नगरचा पाहुणा जाताना बरोबर काय नेतो, या प्रश्नाला आपण दुधाचे उत्तर देऊ शकत नाही. ज्या जिल्ह्यात दुधाचा सुकाळ, त्याच जिल्ह्यात दुधाच्या चवीचा दुष्काळ, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

ही केवळ खवय्यांची तक्रार नव्हे. एक हकीकत सांगतो. २०१९ च्या जानेवारीत श्रीरामपूर परिसरात १९९८ साली सुरू झालेल्या प्रभात डेअरीचा दूधव्यवसाय सुमारे सतराशे कोटी रुपयांना लॅक्टॅलिस या फ्रेंच उद्योगसमूहाने आपल्या भारतीय कंपनीमार्फत विकत घेण्याचा करार जाहीर झाला. लॅक्टॅलिस हा जगातील सर्वांत मोठ्या दूधउद्योगांपैकी एक. त्याचा जन्म कसा झाला? १९३३ सालच्या ऑक्टोबरात फ्रान्समधील लाव्हाल या गावी आंद्रे बेस्निये नावाच्या गृहस्थाने आसपासच्या शेतकऱ्यांकडून पस्तीस लिटर दूध गोळा केले आणि त्याचे कामांबेर जातीचे सतरा चीज केले. फक्त सतरा. राहाता तालुक्यात चार संकरित गाई बाळगणारा शेतकरी एका दिवसात केंद्रावर घालतो, जवळजवळ तेवढेच ते दूध होते. लाव्हालच्या पस्तीस लिटरला तेथल्या गावठी चवीची आणि नावाची जोड मिळाली. आमच्या पस्तीस लिटरला चिठ्ठी मिळाली. परक्या उद्योगाने येथे यावे, भाव द्यावा, यात आक्षेपार्ह काही नाही. पण दूध आमचे आणि चव नेहमी दुसऱ्याची, या वाटणीचा विचार आपण कधी केलाच नाही, हे खरे दुखणे आहे.

फ्रान्सचे उदाहरण कोणी एका वाक्यात बाजूला सारील. त्यांच्याकडे शतकानुशतकांची परंपरा, थंड हवा, चीजवाचून जेवण पुरे न होणारी माणसे. आपल्याशी त्यांची काय तुलना? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून फ्रान्स सोडू आणि जपान घेऊ. भात, मासे व सोयाबीन यांवर जगणारा, दूध पिण्याची सवयही दीडशे वर्षांपूर्वी नसलेला तो देश.

गंमत अशी की, जपानला दुधाची पहिली गोडी लागली ती आपल्याच विचारांच्या वाटेने. महायान पंथाच्या महापरिनिर्वाणसूत्रात दूध, दही, लोणी, तूप आणि तुपाचेही सार असलेला सर्पिर्मंड अशा पाच पायऱ्यांचा दृष्टांत येतो. सर्वांत वरची पायरी म्हणजे सर्वांत खोल ज्ञान. हा दृष्टांत चीनमार्गे जपानला पोहोचला. तेथे सर्पिर्मंडाला ‘दाइगो’ म्हणू लागले, आणि एखाद्या गोष्टीच्या खऱ्याखुऱ्या गोडीला जपानी माणूस आजही ‘दाइगोमी’ म्हणतो. इ. स. ९२७ च्या ‘एंगिशिकी’ या राजनियमांच्या संग्रहात प्रांतोप्रांतीहून दरबारी धाडावयाच्या ‘सो’ नामक पदार्थाची नोंद आहे. दूध दहावा हिस्सा उरेपर्यंत आटवावे, असे त्याचे प्रमाण. आपल्या वाचकांना हे वाक्य वाचताच ओळख पटेल : हा आपला खवाच की! पुढे दरबार क्षीण झाला आणि ‘सो’ विस्मरणात गेला.

जपानी शेतकऱ्याच्या हाती दूध पुन्हा आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, होक्काइदो या उत्तरेकडील बेटावर. एडविन डन नावाच्या अमेरिकन पशुपालकाने १८७० च्या दशकात तेथे गाई पाळण्याची, लोणी व चीज करण्याची विद्या शिकविली. १८९६ साली हाकोदातेजवळ ट्रॅपिस्ट साधूंचा मठ स्थापन झाला व त्याचे लोणी नावारूपाला आले. मग १९२३ चा प्रचंड भूकंप झाला. तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर सरकारने आयात दुग्धपदार्थांवरील जकात उठविली, परदेशी माल स्वस्त झाला आणि कारखान्यांनी होक्काइदोच्या शेतकऱ्यांचे दूध नाकारावयास सुरुवात केली. हे वाचताना आपण जपानविषयी वाचतो आहोत की पुणतांब्याविषयी, असा क्षणभर भ्रम पडावा! शेतकऱ्यांनी १९२५ साली स्वतःची सहकारी संस्था काढून लोणी करण्यास आरंभ केला. तिचाच विस्तार होऊन पुढे ‘स्नो ब्रँड’ हा बलाढ्य उद्योग उभा राहिला. आणि मोठेपणाचे दुष्परिणामही त्यालाच भोगावे लागले. २००० साली त्याच्या दूषित दुधाने तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले व त्या नावावरचा लोकांचा विश्वास पार ढासळला.

आज जपानमध्ये तीनशेहून अधिक छोट्या चीजशाळा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा गोठ्याला लागून आहेत. तोकाची प्रांतातील शिंतोकु या गावी ‘क्योदो गाकुशा’ नावाचे सामुदायिक शेत आहे. १९७८ साली नोझोमु मियाजिमा यांनी ते वसविले. समाजात ज्यांना सहजी काम मिळत नाही, जे शरीराने वा मनाने अधू मानले जातात, अशी माणसे तेथे एकत्र राहून गाई पाळतात व चीज करतात. चेरीच्या पानाचा वास लावलेल्या त्यांच्या ‘साकुरा’ चीजने २००४ साली स्वित्झर्लंडमधील डोंगरी चीजच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, तेही चीजच्या माहेरघरी जाऊन. त्याच भागात उष्ण झऱ्याच्या पाण्याने चीजची साल वारंवार पुसून त्याला निराळा गंध आणण्याची युक्तीही निघाली आहे. चेरीचे पान युरोपात चीजला लावीत नव्हते. ते जपानी मिठाईतले पान. आपली चव परक्या पदार्थात उतरविण्याची ही हातोटी लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा शेतावर पाहुण्याला चीज चाखावयास देतात ते क्रमाने : आधी कोवळे, मग मुरलेले, शेवटी जुने. हिरव्या गवताच्या दिवसांतले दूध पिवळसर चीज देते, वाळल्या चाऱ्याच्या दिवसांतले फिके. म्हणजे जिभेवर ऋतू कळतो. आमच्याकडे हा फरक नाही काय? श्रावणात भंडारदऱ्याकडे चरणाऱ्या गाईचे दूध आणि वैशाखात कडबा-सरकीवर उभ्या असलेल्या गाईचे दूध यांतला भेद आपल्या आजीला विरजण लावताच कळत असे. यंत्राला तो कळतो फक्त फॅटच्या दशांशात.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यावयास हवी. आपल्या घरांतून चीज जन्मले नाही याला कारणे आहेत. ‘नासणे’ हा शब्दच पाहा. दूध नासले म्हणजे अपशकुन. घरातले कार्टे नासले म्हणजे कुळाचा डाग. ज्या भाषेत फुटलेल्या दुधाला असा शब्द आहे, त्या भाषेत ते मुद्दाम फोडून, महिनोन्महिने मुरवून, आवडीने खाण्याची कल्पना सहज रुजणार नाही. शिवाय आपले हवामान. दूध टिकविण्याची आपली विद्या अग्नीची : आटवले की खवा, कढवले की तूप. युरोपची विद्या मिठाची आणि थंड तळघराची. मुंबईच्या पारशी घरांतले टोपलीतले पनीर हा आपल्या भागातला एक सुंदर अपवाद, पण तो घाट चढून नगरपर्यंत आला नाही. रेनेट म्हणजे वासराच्या जठरातील पाचकद्रव्य, हे कळले की सोवळ्या घरात पुढे बोलणेच खुंटते. आता बुरशीपासून काढलेले शाकाहारी द्रव्य सर्वत्र वापरतात, ही गोष्ट मात्र त्या घरापर्यंत पोहोचलेली नसते.

आणि आपली अग्नीची विद्या काही कमी रसाळ नव्हती. गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जाई. तो विकणे कमीपणाचे मानीत. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीवर साखर घालून मुलांची झुंबड उडे. आता सारे दूध केंद्रावर जाते आणि चहापुरते पिशवीचे दूध विकत आणले जाते, असे दुभती जनावरे असलेल्या घरांतही दिसू लागले आहे. पिशवीत दूध महाग पडते हे त्यांना कळत नाही असे नाही. पण सकाळी पूर्ण कॅन घातला नाही तर उचल फिटत नाही.

चीजचा वा खव्याचा प्रश्न दुधाच्या भावाशी जोडला जातो तो येथे. १ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातील पुणतांब्याहून शेतकरी संपाची हाक गेली आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दूध ओतले गेले. २०२४ च्या आरंभी गाईच्या दुधाला लिटरला किमान सत्तावीस रुपये संघांनी व पाच रुपये सरकारने द्यावे अशी व्यवस्था करावी लागली. त्याच वर्षी पावसाळ्यात अकोले तालुक्यातील कोतूळ येथे दूध उत्पादक दीर्घकाळ धरणे धरून बसले. दर वेळी कारण तेच सांगितले जाते : भुकटीचे भाव जगात पडले. ज्या दुधाची अखेरची गती भुकटी, त्या दुधाचा भाव कोणत्या तरी दूर देशातील गोदामावर अवलंबून राहणारच. भुकटीला गाव नसते. न्यूझीलंडची भुकटी व नगरची भुकटी यांत ग्राहकाला भेद करता येत नाही, म्हणून तो जास्त पैसे देत नाही.

२०२० चा वसंत ऋतू आठवावा. साथीमुळे शाळा-उपाहारगृहे बंद पडली व दूध शिल्लक राहू लागले. येथे आणि जपानातही. महाराष्ट्र सरकारने रोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला पंचवीस रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरविले. ते आवश्यकच होते, त्याविषयी वाद नाही. जपानात मात्र त्याच महिन्यांत घरोघरच्या लोकांनी हजार वर्षांपूर्वीचा तो ‘सो’ शोधून काढला आणि शिल्लक दूध पातेल्यात तासन्‌तास आटवून खाल्ले. त्याने जपानचे दूध संपले नाही, हे उघड आहे. पण गवळ्याचे संकट ही आपलीही गोष्ट आहे, असे शहरातल्या माणसाला वाटले, आणि ते वाटण्याचे साधन चव होती.

याचा अर्थ चीज हा रामबाण आहे असा कोणी घेऊ नये. जपानातील दूधउत्पादक कुटुंबांची संख्या २०२४ साली दहा हजारांच्याही खाली घसरली. पशुखाद्याच्या महागाईने तेथले गोठेही रिकामे होत आहेत. हिशेबही कठीण आहे. दहा लिटर गाईच्या दुधापासून कठीण जातीचे चीज सुमारे एक किलो मिळते आणि ते मुरेपर्यंत काही महिने भांडवल कपाटात अडकून पडते. त्या महिन्यांत वीज गेली तर? एक घाणा बिघडला तर? दहा दिवसांच्या पगारावर जगणाऱ्या घराला ही चैन परवडणारी नाही. म्हणून प्रत्येक गोठ्याने चीज करावे असे सुचविणे अव्यवहार्य ठरेल. जिल्ह्याच्या दुधाचा अगदी अल्प हिस्सा जरी गावाच्या नावाने विकला गेला, तरी सौदा करताना उरलेल्या दुधाला पाठीशी काहीतरी राहील, एवढेच प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

आणि आरंभ करण्यासाठी आपल्यापाशी जे आहे ते क्वचितच कोणापाशी असेल. अकोल्याच्या डोंगरात दांगी गाय आहे. तिच्या अंगच्या तेलकट स्रावामुळे ती धो धो पावसात टिकते. तिचे दूध थोडे, म्हणून संकलनाच्या हिशेबात तिला किंमत नाही; थोड्या पण वेगळ्या दुधाला किंमत येते ती फक्त चवीच्या हिशेबात. संगमनेरी शेळी तर आपल्याच तालुक्याचे नाव घेऊन देशाच्या पशुशास्त्रात नोंदली गेली आहे. शेळीच्या दुधाच्या चीजला जगभर मान असताना या शेळीचा विचार आपण बहुधा बाजाराच्या दिवशी आणि मटणाच्या भावानेच करतो. चीज केल्यावर उरणारे पाणी, म्हणजे निवळी, आपल्याकडे ओतून देतात. नॉर्वेचे लोक तीच आटवून तपकिरी, गोडसर चीज करतात. मुंबईच्या ‘एलेफ्थेरिया’ या छोट्या चीजशाळेने असेच तपकिरी चीज करून २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. आटविण्याची ही कला महाराष्ट्राला कोणी शिकवावी लागली नसावी. खव्याच्या कढईत तिचा हात आधीच बसलेला आहे.

राहता राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथे देशभरातून माणसे येतात, भंडारदऱ्याला सहली येतात. सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीरवरील कर उठला आहे, चीज, लोणी व तूप यांवरील बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. पण कराहून मोठा अडथळा अविश्वासाचा आहे. वनस्पती तेलापासून केलेले नकली पनीर खऱ्याच्या नावाने खपविले जाते, सणासुदीला भेसळीच्या खव्यावर धाडी पडतात, आणि लोकांनी आता शंका हीच सवय करून घेतली आहे. या शंकेवर प्रयोगशाळेचा दाखला पुरेसा नाही. ज्याचा गोठा दिसतो, ज्याचे नाव पुड्यावर आहे, आणि जो समोर उभा राहून तुकडा हातावर ठेवतो, त्याच्या मालाविषयी माणूस निश्चिंत होतो. नाव असलेल्या मालात लबाडी करणे अवघड जाते. निनावी टाकीत ती सहज विरघळते.

दूध संघांनी एखाददुसऱ्या गावाचे दूध वेगळे ठेवून पाहावे. त्यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. एक स्वच्छ खोली, एक थंड कपाट आणि चुका करण्याची मुभा लागते. पहिल्या वर्षी बिघडलेल्या घाण्यांचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरवावे लागेल. तो शेतकऱ्याच्या चिठ्ठीतून कापला गेला तर दुसरे वर्ष उजाडणारच नाही. विद्यापीठाच्या दुग्धशास्त्र विभागातून बाहेर पडणारे तरुण परजिल्ह्यांतील कारखान्यांत नोकरी शोधतात. त्यांतल्या दोघा-चौघांना अशा खोलीची किल्ली द्यावी.

आणि राहुरीच्या पुढच्या शेतकरी मेळाव्यात बियाण्यांच्या व अवजारांच्या मांडणीशेजारी एक टेबल चवीचे असावे. त्यावर दांगीच्या दुधाचे तूप, संगमनेरी शेळीच्या दुधाचे ताजे चीज, एखादा मुरलेला गड्डा, शेजारी खव्याची वाटी आणि खरवसाची वडी. प्रत्येकापुढे पाटी : गाव, गोठा, महिना. पाहुण्या मंत्र्यांना बोलवावे, हरकत नाही. पण पहिला तुकडा पहाटे कॅन घेऊन केंद्रावर गेलेल्या त्या म्हातारीच्या हातावर ठेवावा. तिला आवडले नाही, तर तेही तिला मोकळेपणी सांगता आले पाहिजे.